चौथ्या मजल्यावरची बांधाबांध

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून बांधाबांध. सासूबाई जिन्यात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, शनिवारी डिस्चार्ज. चंदनसारचं हे आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना परत इथे चढवणं शक्य नाही. म्हणून वसई गावात तळमजला भाड्याने घेतला. शनिवारी दुपारी त्या हॉस्पिटलातून थेट तिकडे. त्याआधी आमचं सामान तिकडे. सोपं आहे.

मेहुणा उमंग म्हणाला, भावोजी, पॅकर्सवाल्यांना सांगतो, अर्ध्या दिवसात मोकळे. मी नको म्हटलं. सातिवलीला बादल्यांच्या फॅक्टरीत डिस्पॅच मी बघतो. माझ्या हातचा माल गुवाहाटीपर्यंत जातो, ओरखडा नाही. बायको विनया म्हणाली, अहो, बादल्या एकात एक बसतात. हे घर आहे.

तिला डिस्पॅच कळत नाही. रजा टाकली आहे. रोज एक खोली.

१० फेब्रुवारी, सोमवार

फॅक्टरीतून खोकी आणली. चढवताना दम लागला. खोक्यांचा आकारच तसा आहे. समोरचा ऑस्टिन दारात उभा होता. म्हणाला, जितू, सांग रे, मी हात लावतो. म्हटलं, लागलं तर सांगेन. लागणार नाही.

खोकी हॉलमध्ये ठेवली. हॉल भरला. रिकामी खोकीसुद्धा एवढी जागा खातात हे फॅक्टरीत जाणवत नाही. आज रूम कुठलीच झाली नाही, पण पाया घातला गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उठायला उशीर. तरी स्वयंपाकघर एका दमात उरकलं. डिस्पॅचचा नियम, माल भरताना पोकळी सोडायची नाही. टोपात टोप, डब्यात डबा, मधल्या फटीत हाताला लागेल ते. प्रत्येक खोक्यावर मार्करने 'महत्त्वाचे' लिहिलं. म्हणजे हमाल जपून उचलतात.

संध्याकाळी विनया शाळेत शिकवून दमून आली, चहा मागितला. गाळणी, पातेलं, साखर, सगळं पॅक. याचा अर्थ काम वेळेच्या पुढे आहे. चहा ऑस्टिनच्या बायकोने, बर्थाने दिला. लेक रेवा म्हणाली, बाबा, शनिवारपर्यंत आपण जेवायचं काय? कॉलेजला गेली तरी डोक्यात खाणंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंची कवळी सापडत नाही. ऑपरेशनच्या वेळी काढून घरी पाठवली होती. तेव्हापासून त्या पेजेवर आहेत. विनयाने विचारलं, कुठल्या खोक्यात घातलीत? म्हटलं, महत्त्वाच्या. तिने सगळ्या खोक्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काही बोलली नाही. दमली असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर शोधाशोध. खोकी उघडली, परत भरली. परत भरताना तेवढाच माल मावत नाही. का, ते कळत नाही. उरलेला माल बेडरूममध्ये.

आता घरात फिरायला फक्त भिंतीकडेची वाट. बाथरूमला जाताना पोट आत घ्यावं लागतं. मी आणि विनया एका कुशीवर झोपतो. कूस बदलायची तर दोघांनी एकदम. तिला म्हटलं, दोनच रात्री, मग ऐसपैस. ती पलीकडे तोंड करून म्हणाली, आईला एकदा भाकरी चावून खायची आहे.

झोपलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कवळी सापडली! रेवाला. कुकरच्या आत, डब्यात, डब्यावर वाटी. ओरखडा नाही. हे मी दोघींच्या लक्षात आणून दिलं. विनया तशीच कवळी घेऊन हॉस्पिटलात निघाली. चपला घालता घालता म्हणाली, उमंगला सांगू का? शेवटचं विचारते.

म्हटलं, गरज नाही. फक्त बेडरूम राहिली आहे. आणि हॉल. आणि गॅलरी.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

विनया आणि रेवा हॉस्पिटलात गेल्या. टेम्पो बाराला. घरात कोणी नसलं की कामाला वेग येतो.

थोड्या वेळाने

बेडरूममध्ये आहे. लोखंडी कपाटामागे एक खोकं बसेल असं वाटलं, म्हणून कपाट जरा ओढलं. ते फिरलं, कललं आणि दारावर जाऊन रेललं. त्याच्या अंगावर खोक्यांची थप्पी आली. दार आतल्या बाजूला उघडतं. उघडायचं.

घाबरण्यासारखं काही नाही. मोबाईल कुठल्यातरी खोक्यात आहे. वाजतोय. सगळ्याच खोक्यांत वाजतोय असं वाटतं.

दुपार

टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. खिडकीपर्यंत पोचता येत नाही, म्हणून इथूनच हाक मारली. गेला तो.

कपाट उचलून पाहिलं. कमरेत कट् झालं. आता खाली बसता येत नाही. आडवं व्हायला जागा नाही. उभ्यानेच लिहितोय.

सासूबाई एव्हाना निघाल्या असतील. तिकडे घर रिकामं आहे. टेकायला खुर्चीसुद्धा नाही. सगळ्या इथे आहेत, माझ्यासमोर, दोरीने घट्ट बांधलेल्या. गाठी चांगल्या मारल्या आहेत.

ओरडलो. आधी, कोणी आहे का, म्हणून. मग नुसताच.

१६ फेब्रुवारी, रविवार, वसई

आडवा पडून लिहितोय. मणक्याला काही नाही, स्नायू आखडलेत. हलायचं नाही म्हणाले डॉक्टर.

कालचं सांगायचं तर, ऑस्टिनने ऐकलं. आमची एक चावी त्याच्याकडे असते. दारापलीकडून म्हणाला, जितू, आता लागलं का रे? मी म्हटलं, थोडंसं. त्याने विनयाला फोन केला. उमंग पॅकर्सवाल्यांना घेऊन आला. त्याने त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं म्हणे. कोणी सांगायला लावलं, ते मी विचारलं नाही. त्यांनी दार करवतीने कापलं आणि मला भोकातून बाहेर ओढलं. पाय आधी.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. प्रत्येक मजल्यावर लोक उभे. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी विचारलं, काय, सासूबाईंना आणलं वाटतं? उमंग म्हणाला, नाही, ह्यांना नेतोय.

सासूबाई संध्याकाळपर्यंत नव्या शेजारणीच्या, व्हेरोनिकाबाईंच्या ओट्यावर बसून होत्या. ऑपरेशन झालेलं माणूस. मी विनयाला म्हटलं, कपाटात दोष होता. तिने माझ्या पाठीखाली उशी सारली आणि म्हणाली, झोपा.

उशी जोरात सारली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उमंगने सासूबाईंसाठी हॉस्पिटलचा पलंग भाड्याने आणला आहे. हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होतो. त्यावर मी. सासूबाई म्हणतात, असू दे, मला गादीच बरी.

सकाळी आवारातल्या बायका पेशंटला बघायला आल्या. सासूबाई वॉकर घेऊन सावकाश दारापर्यंत गेल्या, त्यांना आत घेऊन आल्या आणि मला दाखवलं. बायकांनी फळं माझ्या उशाशी ठेवली. एकीने विचारलं, यांना कितवं? सासूबाई म्हणाल्या, काय कितवं? ती म्हणाली, वर्ष.

सामान शनिवारीच अंधार पडायच्या आत आलं. एक कप फुटलेला नाही. पॅकर्सवाल्यांचं नशीब. आता लावालावीत मात्र माझ्याशिवाय चालणार नाही. पलंगावरूनच सूचना द्यायच्या ठरवलं आहे. दोन दिल्या. हॉलपर्यंत आवाज जात नाही.

विनया शाळेत गेली. जाताना सासूबाईंना म्हणाली, आई, ह्यांना एकटं उठू देऊ नकोस.

बाहेर रेवा खोकी उघडते आहे. आवाजावरून कळतं, चुकीच्या बाजूने. उठून दाखवावं म्हणून एक पाय खाली सोडला. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, कुठे, जितेंद्रराव? आणि बसल्या बसल्या वॉकर दारात आडवा लावला.

पाय वर घेतला.