सुनयनाच्या वहीचा आवक क्रमांक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. संकल्प पहिला.
सुनयनाची टेस्ट १६ तारखेला, रविवारी. खारघरच्या कॉलेजात शनिवार-रविवारचे बी.ए.चे वर्ग असतात, तिथं. विषय इंग्लिश. लिटररी डिव्हाइसेस, थीम्स, आर्किटाइप्स, सगळ्याचा आढावा. टेस्ट गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर मी परत बसणार नाही, असं तिनं काल भाकरी थापता थापता सांगून टाकलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढा जीव एकदाच काढता येतो, म्हणे.
लग्न ठरलं तेव्हा ती साताऱ्यात सेकंड इयरला होती. माझी बदली होऊन एका जागी बसलो की पुरं कर, असं मीच म्हणालो होतो. १९९९ साली एका जागी बसलो. पुढे विषय निघाला नाही. तिनं काढला नाही, मीही काढला नाही. म्हणजे चूक निम्मी निम्मी.
संकल्प दुसरा: तिला मार्गदर्शन करणे. हेडक्लार्क आहे मी. बेलापूरच्या ऑफिसात साहेबांची इंग्लिश पत्रं कोण ड्राफ्ट करतं?

४ फेब्रुवारी. सकाळी ६.३०
मार्गदर्शनास प्रारंभ. तिनंच मला समजावून सांगितलं, पण ऐकण्यालाही अनुभव लागतो.
आर्किटाइप म्हणजे गोष्टीगोष्टींत पुन्हा पुन्हा भेटणारी पात्रं. हिरो. त्याला वाट दाखवणारा मेंटर. आणि एक थ्रेशोल्ड गार्डियन, हिरो निघाला की दारात आडवा येणारा. मी ताबडतोब उदाहरणं दिली. मेंटर: मी. गार्डियन: आपल्या सोसायटीचा वॉचमन नामदेव. माझ्या सख्ख्या भावाला रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय सोडत नाही.
ती जराशी हसली, वहीत लिहिलं, मग काहीतरी खोडलं. शिकतेय.
ती वही म्हणजे दोनशे पानी लाँगबुक. पाच महिने पहाटे उठून, माझा डबा करून, मग लिहिलेली. अक्षर मुंगीएवढं. म्हटलं ऑफिसात टाइप करून देतो. वहीला हात लावायचा नाही, असं स्पष्ट म्हणाली.
संकोच. दुसरं काय.

५ फेब्रुवारी. दुपारी ४.४०, ऑफिस
घोळ झाला. किरकोळच.
सरप्राइज द्यायचं म्हणून सकाळी वही डब्याच्या पिशवीतून आणली. ऑफिसच्या वेळात खासगी टायपिंग दिसायला नको, म्हणून वही फायलीत घातली. फाईल रिकामी दिसायला नको, म्हणून वर टिपण लावलं: 'सदर विषयाचा आढावा घेऊन पुढील आदेशार्थ सादर.' खाली सही, तारीख. नुसतं टिपण नागडं दिसतं.
चहाला गेलो. आलो तर टेबल साफ. आमचा शिपाई ज्योतिबा. पंचवीस वर्षं तीनच्या ठोक्याला माझ्या टेबलावरच्या सही झालेल्या फायली उचलतो. आज एखादा दिवस उशीर करेल, तर तो ज्योतिबा कसला!
आवक क्रमांकही पडला. ४१७.

६ फेब्रुवारी. सकाळी ७
सुनयना सगळं घर उपसतेय. गाद्या काढल्या. फ्रिजमागे बघितलं. मीही शोधलं. मनापासून शोधलं. माळ्यावर चढलो होतो.
आज संध्याकाळी सांगून टाकायचं.
साहित्यात फोरशॅडोइंग म्हणून प्रकार असतो. पुढचं आधीच सुचवायचं. काल सकाळी माझा डोळा फडफडत होता, तेव्हाच समजायला हवं होतं.

७ फेब्रुवारी. ऑफिस, दुपारी १
काल सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं. दुखऱ्या डोक्यावर आणखी भार कशाला?
फाईल प्रशिक्षण शाखेत मितेशकडे आहे. त्याला सहज विचारलं, काही इंग्लिश-बिंग्लिश आलंय का. म्हणाला आलंय राव, कळत काहीच नाही, पण तुमची सही बघितली आणि पुढे लेखा शाखेकडे अभिप्रायाला लावून दिलं. फाईल परत हवी असेल तर कारण देऊन लेखी मागा, असंही म्हणाला.
कारण काय देणार? बायकोची चोरून आणलेली वही? निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत माझी.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
आज वाईट झालं.
सुनयनानं प्रेमलाला विचारलं. प्रेमला म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करते ती, शेजारच्या घणसोली गावातली. आठ वर्षं येतेय. रद्दीबरोबर वही गेली का, एवढंच सुनयनानं विचारलं, पण तिच्या आवाजात सगळं होतं. प्रेमला म्हणाली, वहीला हात पन लावला नाय ताई, गावदेवीची शपथ हाय. मग रडायला लागली. जिन्यात चार बायका जमल्या.
मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. एक बातमी सात वेळा वाचली. काय होती सांगता येणार नाही.
तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

११ फेब्रुवारी. सकाळी ६.३०
प्रेमला येत नाही. मी भांडी घासतो आता. दोन्ही वेळची. सुनयना म्हणाली, अहो, एवढं काय करताय, राहू द्या. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझा नवरा चांगला आहे, असं फोनवर बहिणीला सांगत होती. कढई घासता घासता ऐकलं. कढईला भोक पडेल एवढी घासली.
उद्या नक्की.

१३ फेब्रुवारी. सकाळी ७
अजून सांगितलेलं नाही. आता सांगितलं तर टेस्टच्या तोंडावर तिचं टेन्शन वाढेल. म्हणजे न सांगणं हा त्यागच झाला.
दरम्यान तोंडी आढावा घेतोय. मेटाफर, सिंबल झालं. आयरनी म्हणजे काय ते तिनं सांगितलं: वाचणाऱ्याला सगळं माहीत असतं, पात्राला काहीच नसतं. उदाहरण दे म्हणालो. सुचत नाही, म्हणाली. मलाही सुचलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
गेली परीक्षेला. दही-साखर मी दिली हातावर. चमचा दोनदा भरला. तिला वाटलं काळजीनं.
आठवतंय तेवढं लिहिते, असं म्हणाली. निघताना वही ठेवायच्या जागेकडे एकदा बघितलं तिनं.
मी फार हलकट माणूस आहे. (हे वाक्य पुन्हा वाचलं. जरा जास्तच झालं. पण राहू दे.)

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८
पास! काल निकाल कळला. चाळीसपैकी सतरा. सोळा लागतात. म्हणजे नुकसान काहीच झालं नाही. उलट वहीविना तिची स्मरणशक्ती सुधारली आणि तोंडी आढाव्याचाही फायदा झाला. पेढे आणले.
तिनं पेढा खाल्ला नाही. तीस तरी पडायला हवे होते, एवढंच म्हणाली. मग म्हणाली, प्रेमलाला मी उगाच बोलले का हो?
मी म्हणालो, बघू.

२५ फेब्रुवारी. रात्री १०.३०
संपलं.
साहेबांनी फायलीवर आदेश दिला: 'संबंधितास परत करावे.' वहीच्या पहिल्या पानावर सुनयनाचं नाव आणि पत्ता. ज्योतिबा सकाळी अकरा वाजता फाईल घेऊन थेट घरी. बटवड्याच्या वहीत तिची सही घेतली, पाणी प्यायला, गेला. मला सांगितलं का नाही म्हणून विचारलं तर म्हणतो, साहेब, संबंधित वहिनी होत्या, तुम्ही कुठं होता?
घरी आलो तर फाईल टेबलावर. सगळ्यात वर माझं टिपण. माझी सही. ५ फेब्रुवारी.
ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. पिशवी धरतात तसं माझ्या कोपराला धरलं, दारापर्यंत नेलं आणि म्हणाली, प्रेमलाचं घर गावदेवीच्या मागं आहे. जाऊन या. मग जेवू.
गेलो. प्रेमला दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. पहिलं विचारलं, ताईची वही गावली ना? मग म्हणाली, तुमच्या बिल्डिंगीतल्या दोन घरांनी मला काढलीय, चोर म्हनून. तिकडं पन सांगा.
सांगितलं. ६०३ मध्ये आणि ११०२ मध्ये. ११०२ वाल्यांना नीट ऐकू येत नाही. दोनदा सांगावं लागलं, मोठ्यानं.
परत आलो तेव्हा ताट वाढलेलं होतं. भांडी मीच घासली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र, सुट्टी. सकाळी ६.१५
सुनयना पहाटे उठून अभ्यासाला बसली. पुढचा पेपर एप्रिलमध्ये. मी वही बघू का, असं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. तिनं नुसती सरकवली.
पानापानावर मितेशची, लेखा शाखेची, साहेबांची आद्याक्षरं. कुणी वाचलेलं दिसत नाही. एका ठिकाणी लेखा शाखेनं विचारलंय, थीमबाबत खुलासा करावा.
मग ते चार तारखेचं पान आलं. थ्रेशोल्ड गार्डियन. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: 'हिरो घराबाहेर निघाला की दारात आडवा येतो. वाईट नसतो. आपण रखवाली करतोय असं त्याला वाटतं. उदा.' पुढे 'वॉचमन' लिहून खोडलेलं. त्यापुढे: 'आमचे हे.'
आणि समासात हिरव्या शाईत साहेबांचा शेरा. अख्ख्या वहीत एवढं एकच पान त्यांनी वाचलेलं दिसतं. 'सहमत.' खाली सही. शेजारी मितेशची. शेजारी लेखा शाखेची.
डावीकडची जागा कोरी. तिथं हेडक्लार्कची सही लागते.
पेन काढलं, सही केली. सवयीनं मागची तारीख घालणार होतो. आजचीच घातली.