आमच्या ह्यांनी एकदा फुंकावं म्हणून

मी, शेवटी सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी चष्म्याचं दुकान चालवणारी आणि सध्या प्राणवायूच्या मशीनला नळीने बांधलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. छातीवर आहे, पण कायद्यात ते धरत नाहीत, असं वकिलांनी सांगितलं. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी बरीच केली, ती सर्व रद्द समजावीत.

आजाराचं आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या माघारी कुणाला तर्क लढवायला नकोत. मी गच्चीवर कबुतरं पाळली. त्यांच्या पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासाबरोबर आत गेली आणि माझी फुप्फुसं ताठरली. असं सगळ्यांचंच होत नाही. ज्याचं होतं त्याला मात्र फार उशिरा कळतं, कारण सुरुवातीला नुसता कोरडा खोकला असतो आणि नुसत्या खोकल्याला कुणी भीक घालत नाही. आता ती ताठरलेली जागा पूर्ववत होणार नाही. आहे तेवढी सांभाळायची.

कलम पहिले : राहतं घर.

हे घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझ्या पतींना, म्हणजे आमच्या ह्यांना, मिळावं. अट एकच. त्यांनी छातीच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन, श्वास मोजायच्या मशीनसमोर बसून, दम संपेपर्यंत फुंकावं आणि आपली फुप्फुसं किती पाण्यात आहेत ते तपासून घ्यावं.

अट का, तेही लिहिते. डॉक्टरबाईंनी मला गच्चीची बंदी केली, त्या दिवसापासून कबुतरखाना हे साफ करतात. मी चांगल्यातला मास्क आणून दिला. तो ते हनुवटीला लावतात. श्वास हनुवटीने घेतात की काय, देव जाणे. गेलं वर्षभर ते खोकताहेत. विचारलं की म्हणतात, "घशात काहीतरी अडकलंय गं." वर्षभर अडकून राहील असं काय खाल्लंय, ते मला माहीत नाही. स्वयंपाक तर मीच करते.

वाईट याचं वाटतं की ह्याच आजाराची माहिती आम्ही दोघं गावभर सांगत फिरतो. वाचनालयामागच्या हॉलमध्ये शिबिर असतं. मी भाषण करते. मध्येच दम घ्यायला थांबते, लोकांना वाटतं टाळ्यांसाठी थांबले, आणि ते टाळ्या वाजवतात. हे खुर्च्या मांडतात, मशीन उचलून आणतात आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या कानाशी ओरडतात, "सोडा दम, अजून, अजून, थांबू नका!" सगळी बेकरी त्यांनी फुंकायला लावली. न्हाव्याला तर कात्रीसकट ओढून आणला. स्वतःची पाळी आली की तंत्रज्ञ मुलीला सांगतात, "माझं मागच्या वेळी झालंय." मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं. दुकानात मी अशी गिऱ्हाइकं खूप पाहिली. तक्त्यावरची शेवटची ओळ पुढच्या माणसाकडून ऐकून पाठ करायची आणि डोळे मिटूनसुद्धा म्हणून दाखवायची. तपासायला आलेला माणूस तपासणीलाच का फसवतो, हे मला जन्मभर कळलं नाही.

ही अट पाळली गेली नाही तर घर माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, जावं. दादा आमच्याकडे येतो, खिडकीजवळची खुर्ची धरतो आणि ह्यांना खिळा कसा ठोकावा ते शिकवतो. हे कुलपांचे कारागीर आहेत. आमच्या लग्नात दादा चारचौघांत म्हणाला होता, "कुलूपवाला जावई बरा, बहीण दाराबाहेर तरी राहणार नाही." तेव्हापासून हे दादाशी सरळ बोलत नाहीत. समोर बसलेला असला तरी मला म्हणतात, "त्यांना सांग, चहा निवतोय." तोच दादा या घराचा मालक झालेला ह्यांना चालणार नाही, या भरवशावर मी हे कलम घातलं आहे.

कलम दुसरे : दुकानातलं सामान आणि इतर.

अक्षरांचा मोठा तक्ता डॉक्टरबाईंना द्यावा. त्यांच्याकडे ताटकळणाऱ्या पेशंटांना बघायला काही नसतं, म्हणून ते एकमेकांकडे बघतात आणि खोकतात.

खालच्या मजल्यावरचे मास्तर मला जिन्यात गाठून दर वेळी विचारतात, "तुम्ही तर सिगारेट ओढत नव्हता, मग छातीचं कसं झालं?" मी पायरीवर थांबते ती दम खायला. त्यांना वाटतं, गप्पा मारायला थांबले. शिबिरातली उरलेली सर्व माहितीपत्रकं त्यांना गठ्ठ्यासकट द्यावीत. सिगारेट न ओढता काय काय होऊ शकतं ते त्यात सविस्तर आहे. त्यांनी ती वाचावीत एवढीच इच्छा. वाचतील असं वाटत नाही.

कलम तिसरे : कबुतरं.

ती नदीपलीकडच्या गॅरेजवाल्यांना द्यावीत. त्यांचा कबुतरखाना गावाबाहेर, मोकळ्यावर आहे आणि त्यांची फुप्फुसं दर वर्षी तपासलेली असतात. हा प्रयोग पूर्वी एकदा झाला होता. ते गाडीत पेट्या घालून घेऊन गेले, तिकडे दार उघडलं, आणि त्यांचा पोहोचल्याचा फोन यायच्या आत कबुतरं आमच्या कठड्यावर हजर. मोठी झालेली कबुतरं सोडली की जुन्या घरीच येतात. म्हणून आता ती तिकडे कायम जाळीआड ठेवावीत, आणि तिथे अंड्यातून निघालेली पिल्लंच तेवढी उडवावीत. मात्र हे सगळं माझ्या पश्चात. तोवर ती इथेच राहतील. मला वर जाता येत नाही, पण संध्याकाळी ती परत येताना माझ्या पलंगावरून दिसतात. तेवढं एक मी सोडायला तयार नाही.

इथवर लिहून मी वाफ घ्यायला उठले. परत आले तर हे माझ्या खुर्चीत बसून हेच वाचत होते.

"दादाला घर?"

"अट मोडलीत तर."

"ही अक्कल तुला कुणी दिली?"

"तुम्हीच. कुलूप बनवलं की दुसरी किल्ली लगेच करून ठेवावी म्हणता ना."

मला वाटलं, आता आवाज चढेल. ह्यांनी कागद खाली ठेवले.

"मी फुंकलं आणि वाईट निघालं, तर बाई मलाही वर जाऊ देणार नाहीत," ते म्हणाले. "मग कबुतरांचं कोण करणार? आणि ती गेली तर तू संध्याकाळी बघणार कशाकडे?"

मी समजत होते की हे घाबरतात. हे माझी खिडकी राखत होते, तेही स्वतःच्या छातीवर. मला रडू आलं. पण रडायलाही दम लागतो, त्यामुळे थोडक्यात आवरलं आणि गॅरेजवाल्यांना फोन लावला.

"उद्या पेट्या घेऊन या."

"बाई, तुम्ही तर म्हणाला होता, मेल्यावर."

"तेवढा वेळ नाही माझ्याकडे. या."

सबब कलम तिसरे मी स्वतःच्या हाताने खोडलं आहे.

आज सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. तंत्रज्ञ मुलीने विचारलं, "काका, तुमचं मागच्या वेळी झालंय ना?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. कधीच नाही." मग फुंकलं. मी कानाशी ओरडले. माझाच दम आधी संपला. छातीचे फोटो काढले, रक्त दिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की आजार आहे, पण आत्ताशी सुरुवात आहे. धूळ आजपासून बंद झाली तर बराच आटोक्यात राहील. पुढे त्या जे बोलल्या ते लेखी कागदात घालण्यासारखं नाही. आम्ही दोघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

कलम पहिले यापुढे असं वाचावं : ह्यांनी दर वर्षी फुंकावं. दादाचं नाव राहू द्यावं.

दुपारी गॅरेजवाले पेट्या घेऊन गेले. गच्ची माणसं लावून ओली करून धुतली, आम्ही दोघं तेवढा वेळ मास्तरांकडे बसलो. मग ह्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. खुर्ची माझ्या पलंगाशी ओढून बसले आणि खिडकीबाहेरच्या रिकाम्या कठड्याकडे बघत राहिले. मग त्यांना खोकला आला. मी सवयीने विचारलं, "घशात?"

"नाही गं," ते म्हणाले, "छातीत."

मी नळी बाजूला सावरली आणि त्यांची पाठ चोळली.

वर लिहिलेलं सर्व माझं आहे, वाचून पाहिलं आहे, आणि खाडाखोड मी समजून केली आहे.

साक्षीदार :
१. छातीच्या डॉक्टरबाई. मी भानावर असल्याचं त्यांनी तपासलं आहे. अक्षरांचा तक्ता त्यांना आज सकाळीच देऊन टाकला.
२. गॅरेजवाले. कबुतरं हयातीतच मिळाल्याने या मृत्युपत्रातून आता त्यांना काहीही मिळायचं नाही.

स्थळ : राहतं घर, खिडकीची खोली.
दिनांक : आजचा. ह्यांनी फुंकलं तो.

सही