श्रावणातला पाव-कबाब

हिंगोली, श्रावण, १९४१

तीर्थरूप दादास धाकट्या दगडोबाचा दंडवत.

काम बरं चालू हाय, काळजी करू नको. आईचा खोकला थांबला का?

श्रावण पाळीन असं आईला बोललो व्हतो. पाळला न्हाई. छावणीतली हॉटेलं हिंडून पावातला कबाब खाऊन राहिलो. एकाचा करपट, दुसऱ्याचा निस्ता कांदा. काल तिसऱ्याचा मातर झकास निघाला.

खोलीवर आलो तर सोबतच्या जमीलनं वरण-भात केलेला. माझा श्रावण म्हणून त्यानं महिनाभर मटण शिजवलं न्हाई. पोट भरलेलं, मला जेववेना. त्याला वाटलं, श्रावण जड जाऊन राहिला. म्हणला, "थोडेच दिस राहिले, दगडोबा. मग दोघं मिळून कबाब खाऊ."

आईला सांगू नको. जमीलला कोणत्या तोंडानं सांगू, तेवढं कळव.

तुझा,
दगडोबा