चौथा प्लग

२८ सप्टेंबर, रविवार
गाडी पुलाच्या चढावर उचक्या देते. निदान: स्पार्क प्लग. व्हिडिओ पाहिला. चार जुने काढा, चार नवे लावा. त्यातला पोरगा तर गप्पा मारत करत होता.

राजेश्वरीचा मामेभाऊ मुरली, साक्कोट्टैचा गॅरेजवाला. फोनवर म्हणाला, भाऊजी, हात लावू नका, मी येतो. नकार दिला. आयुष्यभर विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम पास केले, ते काय उगाच?

विजयादशमीला गाडी चालायलाच हवी. सासूबाई विनायक चतुर्थीला चार दिवस म्हणून आल्या, त्या आहेतच. त्यांचं गाव पट्टीश्वरम् कुंभकोणम्‌हून गाडीने वीस मिनिटांवर. पण जावयाने आणलं, जावयानेच आपल्या गाडीतून सोडायचं, तेही मुहूर्त बघून, असा त्यांचा कायदा. दशमी चुकली की संपलं. पंख्याखालची माझी आरामखुर्ची त्यांची, रिमोट त्यांचा. मी बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, डासांच्या सोबतीला.

२९ सप्टेंबर
प्लग आणि लांब पाना आणला. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मी, म्हटलं. त्याने चष्मा वर सारून मला नीट पाहिलं. आदराने असावं.

३० सप्टेंबर, सकाळी
तीन प्लग सहज निघाले. चौथा हलेना. व्हिडिओत चौथ्याचं काहीच नाही.

संध्याकाळी
नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला बायका आल्या. गाडी फाटकात आडवी, बॉनेट उघडं. बिचाऱ्या साड्या आवरत कडेने आत शिरल्या. प्रसादाची सुंडल उसळ खाताना सगळ्यांचा विषय मीच होतो. उद्या फडशा पाडतो.

१ ऑक्टोबर, सरस्वतीपूजा
ही नोंद प्लगच्या रिकाम्या खोक्यावर, राजेश्वरीच्या काजळपेन्सिलीने, न्हाणीघरात लपून. रोजनिशी पूजेत, पेन पूजेत. पाना, पक्कड, नवे प्लग, जुने प्लग, सगळं राजेश्वरीने कोलूसमोर मांडून चंदनकुंकू लावलं. उद्या पुनःपूजा होईतो हात लावायचा नाही. पाचच मिनिटं, म्हटलं. तिने पान्यावर आणखी एक फूल ठेवलं.

शेजारच्या मणीकडे पाना मागितला. त्याचाही पूजेत. अख्ख्या कुंभकोणम्‌मध्ये आज एक पाना मोकळा नसेल. मीही नाही.

सासूबाईंनी पेटी भरून दाराशी ठेवलीय. तेवढाच धीर.

२ ऑक्टोबर, सकाळी
पाना हाती आला. त्याच्या पोकळ तोंडात चंदन वाळून दगड झालंय, पण धूत बसायला वेळ कुठे? मुहूर्त जवळ आलाय. नीट बसेना म्हणून दांड्यात पाइप घालून जोर केला. कट्! सुटला. सगळं ज्ञानावर असतं.

दुपारी
सुटला नव्हता. तुटला. अर्धा हातात, अर्धा इंजिनात. राजेश्वरीने मुरलीला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि बॉनेट हळूच मिटलं. मला शिव्या चालल्या असत्या. मग म्हणाला, इंजिन उघडावं लागेल, दिवाळीनंतर बघू. म्हटलं, ते राहू दे, तुझ्या आत्याला तरी तुझ्या गाडीतून आत्ता पट्टीश्वरम्‌ला सोड.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. तुटका प्लग पाहिला, माझे काळे हात पाहिले आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, मज वाटलें, मी तुमांस भार झालें. मज जाऊं द्यायचें नाहीं म्हणून तुम्हीं गाडीच मोडलीत! पट्टीश्वरम्‌ला एकटीला घर खायला उठतं म्हणाल्या. पण जावयाने रहा म्हटल्याशिवाय राहायचं कसं, म्हणून पेटी भरली होती.

राजेश्वरी माझ्याकडे बघत राहिली. असं ती लग्नानंतर प्रथमच बघत होती. खरं सांगायला तोंड उघडलं. मिटलं.

संध्याकाळी
पेटी रिकामी झाली. जानेवारीत पोंगलपर्यंत मुक्काम, पुढचं पुढे. मुरलीने गाडी ओढून नेली.

सासूबाईंनी स्वतः कॉफी करून आणली. जावईबापू, आतां तुम्हीं खुर्चीवर बसा, मी खालीं बसतें, म्हणाल्या.

तिण्णैवर बसून लिहितोय. डास फार आहेत. पण त्या खुर्चीत आता कुठल्या तोंडाने बसू?