जळून राहिलं का, ताई?

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं अजून जळून राहिलं. कानामागं तर हातही लावता येत नाही.

रविवारी अकोल्याचे पाहुणे मले पाहाले येणार, म्हणून आई आज केस सरळ करायला पार्लरमध्ये घेऊन गेली. माझे केस राठ, पण कातडी नाजूक. साध्या मेंदीनंही खाज सुटते. मी माइल्ड क्रीमचा डबा दाखवला. आई म्हणे, "स्ट्राँगच लावा. हिच्या केसाले माइल्डनं काय होते?" अन् सकाळी तिनंच शिकेकाईनं माझं डोकं खसाखसा घासलेलं, पार्लरवालीनं तेलकट म्हणू नये म्हणून.

पाच मिनिटांत कानामागं आग. पार्लरवालीनं विचारलं, "जळून राहिलं का, ताई?" सोफ्यावरून आईच बोलली, "नाही जळत. राहू द्या अजून."

डोकं माझं होतं ना? मग मी काहून गप्प बसली? अशा क्रीममधली अल्कली कातडी जाळते, घासलेली तर जास्तच, हे वर्गात पोरींले मीच शिकवते.

आता खोबरेल घेऊन आई दार वाजवून राहिली. मी उघडत नाही.

रविवारी ते लोक विचारतील, पोरीले मुलगा पसंत आहे का. तेव्हाही आई सोफ्यावरच बसलेली असणार.