चावी तुझ्या खिशात होती

शिरूर,
मंगळवार

प्रिय संपत,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, त्याच्यावर भाळू नकोस. तू माझे फोन उचलत नाहीस आणि मेसेज केला की हात जोडलेलं चित्र पाठवतोस. त्या जोडलेल्या हातांचं मी काय लोणचं घालू? म्हणून कागदावर लिहितेय. सुमित उद्या कंपनीत रजा टाकून राहूला घरी येईल आणि हे तुझ्याच हातात देईल. तुझे दाजी समोर बसून राहिले की तुला वाचावंच लागेल. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर घडी घालून खिशात कोंबायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

काल पोपटराव त्यांची पिकअप घेऊन आमच्या रस्त्याला आले. त्यांच्या सगळ्या गाड्यांचं वायरिंग माझ्या हातचं, हे तुला माहीत आहे. मी पक्कड खाली ठेवून उभी राहिले, तर गाडी माझ्या दारावरून पुढे गेली आणि पलीकडच्या दुकानापाशी थांबली. नंतर भला माणूस स्वतःच रस्ता ओलांडून आला. म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमच्या सख्ख्या भावानंच सांगितल्यावर आमी काय म्हणायचं? तुमी केलेली त्याची गाडी पेटली, उद्या आमची पेटंल." मी विचारलं, काय सांगितलं माझ्या भावानं? ते सांगायला तयार नव्हते, मीच हट्ट धरला. तू मार्केट यार्डात चारचौघांत म्हणालास, "वायरिंग आमच्या ताईनं केलं व्हतं. बाईमाणूस हाय, ऱ्हायलं असंल काय तरी."

बाईमाणूस! मी हे दुकान टाकलं तेव्हा येणारा प्रत्येक ड्रायव्हर दारातून आत डोकावून विचारायचा, "मालक कुठं गेलं?" मीच मालक म्हटलं की अर्धे मागच्या मागे निघून जायचे. जे राहिले त्यांच्या गाड्यांखाली लोळून, हाताला चटके खाऊन, एकेकाचा विश्वास मी मिळवला. ही गोष्ट तू लांबून ऐकलेली नाहीस. पाटी रंगवायला तूच आला होतास, 'प्रतिभा ऑटो इलेक्ट्रिक'मधला 'प्र' तुझ्या हातचा आहे, वाकडा. लोकांच्या तोंडात जे वाक्य इतकी वर्षं घोळत होतं पण माझ्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती, ते माझ्या पाठच्या भावानं बोलून दाखवलं. आता सगळ्यांना मोकळं रान.

गेल्या वर्षी तू गाडी माझ्याकडे आणलीस तो दिवस आठव. तुला धुक्यातले दिवे हवे होते, मोबाईलचा चार्जर हवा होता, टेप हवा होता आणि डॅशबोर्डवर आईच्या फोटोपुढे तो छोटा लाल दिवा. तुझं एकच पालुपद, "डायरेक्ट बॅटरीला मार की, कशाला येळ घालवती?" मी म्हटलं, माझ्या दुकानात डायरेक्ट काही मिळत नाही, सगळं चावीवर. मग टेस्टिंगचा दिवा घेऊन मी एकेक फ्यूज तपासला. चावी फिरवली की ज्यात करंट येतो आणि काढली की जातो, असा एक धरला, त्याच्यावरून बारीक वायर रिलेला, म्हणजे चावी फिरली की मोठा करंट सोडणाऱ्या डबीला, नेली. बॅटरीकडून जाड वायर आणली, तिला बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज घातला. इंजिनाकडून केबिनमध्ये वायर येते तिथे पत्र्याच्या भोकाला रबर बसवलं, पत्र्याच्या धारेनं वायर कापू नये म्हणून. चावी फिरवली, रिले टिक वाजला, सगळं लागलं. चावी काढली, सगळं गप्प. तू उगीच पुन्हा पुन्हा फिरवून बघत होतास. "ताई, लई भारी," म्हणालास आणि माझ्या डब्यातलं पिठलं संपवून गेलास.

आणि गाडी पेटली कधी? न्हावऱ्याच्या अलीकडे तू चहाला थांबलास तेव्हा. इंजिन बंद, दार लावलेलं. त्याच संध्याकाळी तू मला फोनवर रडत सांगितलंस, "चावी माज्या खिशात व्हती गं ताई, आन् डॅशबोर्डातनं धूर." हॉटेलवाल्यानं माती टाकली म्हणून मागची वांगी वाचली, गाडी वाचली, तू वाचलास. आईचा फोटो गेला. मी तुझ्याबरोबर रडले. रडता रडता सुद्धा माझ्या डोक्यात तेच घोळत होतं, चावी खिशात असताना माझी वायर पेटेलच कशी? रिलेपर्यंतची एकच जिवंत असते आणि तिलाही फ्यूज आहे.

दुसऱ्या दिवशी तू घरी होतास तेव्हा मी केडगावच्या गॅरेजात जाऊन गाडीखाली आणि डॅशबोर्डाखाली झोपून सगळं बघून आले. हे तुला माहीत नाही. माझा फ्यूज शाबूत होता, रिले शाबूत होता. आईच्या दिव्याची वायर मात्र माझ्या रिलेवरून काढलेली होती. ती वेगळ्याच भोकातून, रबराशिवाय, सरळ बॅटरीला गेलेली होती. मध्ये फ्यूज नाही. पत्र्यानं घासून घासून तिची कातडी सोलली, ती बॉडीला टेकली आणि लाल होईपर्यंत तापली. तिच्यावरचं प्लास्टिक टोकापर्यंत जळालेलं होतं, पण बॅटरीच्या नटावर तांबं तसंच होतं. ते पिळलेलं नव्हतं. गाठ मारलेली होती. कोकराच्या गळ्यात दोरी घालताना मारतात ती गाठ, कितीही ओढली तरी आवळत नाही आणि सुटतही नाही. आपल्या घरात ती आता एकाच माणसाला येते.

आबांनी ते का केलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मेंढरं होती तेव्हा रानात मुक्काम पडला की आबा रात्रभर जाळ विझू द्यायचे नाहीत. आपल्याला सांगायचे, लांडगा येतो. आई हसायची, "लांडगा कशाचा आलाय? मला अंधाराचं भ्या वाटतं, म्हून जागत्यात." पुढे मेंढरं विकून गाडी घेतली, तेव्हापासून बाजाराला जाताना खिडकीची जागा आईची. म्हणून तर ती गेल्यावर फोटो भिंतीवर लावायला आबांनी नको म्हटलं, गाडीत लाव म्हणाले. आणि रोज दिवस मावळला की तू अंगणात गाडी लावून चावी काढायचास, आणि समोर बाजेवर बसलेल्या आबांच्या डोळ्यांदेखत आई अंधारात जायची. त्यांनी ते किती दिवस सोसलं असेल कोण जाणे. शेवटी उठून त्यांना येतं तसं त्यांनी केलं.

तर तू आबांना पाठीशी घातलंस. ती गाठ तूही ओळखली असणार, हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याबद्दल माझा काही राग नाही. मीही तेच केलं असतं. पण गड्या, मला एका शब्दानं विचारायचं होतंस! 'ताई, आबांचा हात लागलाय, लोकांना काय सांगायचं,' एवढं म्हणाला असतास तर मी काय यार्डात जाऊन आबांच्या नावानं दवंडी पिटणार होते? उंदरानं वायर कुरतडली म्हणून सांगितलं असतं, अख्ख्या तालुक्यानं मान डोलावली असती. ज्याची गाडी पेटते तो उंदराचंच नाव घेतो. उंदीर होता, घूस होती, तुला सापडली ती बहीण. मी वाट बघत बसले, आज येईल, उद्या येईल, माझ्यापाशी तरी खरं बोलेल. आणि तू काय केलंस, तर गाडीचं नवं वायरिंग केडगावातच दुसऱ्याकडून करून घेतलंस. म्हणजे तोंडानं बोललास ते गाडीनंही सांगितलंस. आबांचं मन राखायचं होतं, तुझी इज्जत राखायची होती, आणि खापर फोडायला माझं डोकं होतंच. मला सासर आहे, नवरा कमावतो, तेव्हा हिचं दुकान म्हणजे काय, हौस, गेलं तर गेलं. असंच वाटलं ना तुला? खरं सांग. नसेल तर आणखी वाईट, मग तू काही विचारच केला नाहीस.

आता जे सांगायचं ते सांगते. आज सकाळी आबा आले. कुणाला न सांगता, एसटीनं, एकटे. स्टँडवरून चालत दुकानात आले आणि स्टुलावर बसले. चहा पुढे केला तर हातात धरून बसले, प्यायले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, ती वायर म्या जोडली व्हती." संपत, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गाडी ओढून आधी अंगणात आणली तेव्हा बॉनेट वर करून त्यांनी स्वतःची गाठ बघितली होती. ते वाट बघत होते, कुणीतरी विचारेल. "कुणी इचारंना. संपत जेवाया बसला की माज्याकडं बघत न्हाई. मला वाटलं, आईचा फोटू जाळला म्हून पोरगं माज्यावर रागावलंय. आन् मग यार्डात तुजं नाव घेतल्याचं कानाव आलं." ऐकलंस? ज्यांना वाचवायला तू हा सगळा उद्योग केलास, ते इतके दिवस तुझ्या गप्प बसण्यानंच झिजत होते. माझा संताप तिथल्या तिथे असा उसळला की तू समोर असतास तर हातातला पाना फेकून मारला असता. पण आबाच पुढे बोलले, अगदी हळू. "आता दिवा चावीवरच घे. रातीला इझू दे. तिला बी निजू दे." मग मात्र मला रडू आवरलं नाही, भर दुकानात.

तुला यातलं काही कळू द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, "त्याला लाज वाटंल." मी मुद्दाम कळवतेय. वाटू दे. कारण आबांनी ठरवलंय की बाजारच्या दिवशी यार्डात उभं राहून सगळ्यांना सांगायचं, गाडी माझ्या हातानं पेटली, पोरीचा दोष नाही. आयुष्यात कुणापुढे मान न तुकवलेला माणूस माझ्या पाटीसाठी यार्डात मान खाली घालणार. ते मला नको आहे आणि मला वाटतं तुलाही नको असेल. म्हणून हे पत्र. बाजारच्या दिवशी सकाळी, यार्डावरूनच, सगळ्यांना दिसेल अशी गाडी माझ्या दारात आण. त्या केडगावच्या माणसाचं सगळं उपटून मी नव्यानं करणार आहे. आईचा माझ्या लग्नातला फोटो फ्रेम करायला दिलाय, दिवाही आणलाय. बॉनेट तू उघडायचं. पोपटराव आणि बाकीचे समोर चहाला असतातच, ते येतील बघायला. तेव्हा आबा स्टुलावरून उठायच्या आत तू बोल. आबांचं नाव घेऊ नकोस, माझं कौतुकही करू नकोस. 'गाडी पेटली तेव्हा चावी माझ्या खिशात होती,' एवढं खरं सांग, पुढचं ड्रायव्हर लोकांना आपोआप कळतं. आबा माझ्याकडेच राहिलेत. एसटीनं परत जायला तयार नाहीत, जाईन तर आपल्याच गाडीत म्हणतात, आणि सकाळपासून रस्त्यानं पिकअप वाजली की चहा खाली ठेवून बघतायत.

तुझीच, अजून न निवळलेली,
प्रतिभाताई