हाताला पडलेला विसर

सिस्टर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्याशी मनात बोलायचं म्हटलं की मी अजून पाठ ताठ करून बसते. आत्ताही हे पत्र लिहिताना तशीच बसलेय, टिटवाळ्याच्या घरात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता. नवरा कामावर गेलाय, मुलगी कॉलेजात. मला भीती वाटतेय. उद्या सकाळी मला ठाण्याला, नौपाड्यात जायचंय, आमच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या शाखेत, तिथल्या सिस्टरांना शिकवायला. नवजात बाळाने श्वास घेतला नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे मी शिकवायचं. आणि गेले तीन आठवडे माझा माझ्याच हातांवर भरवसा राहिलेला नाही. का, ते आमच्या हॉस्पिटलमध्ये दोघींना सांगून झालंय. खरं तर आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही, माहीत नाही. तुमच्यासाठी तसे कितीतरी दिवस असतील. मी बावीस वर्षांची, नर्सिंगचा कोर्स संपवून नुकतीच तुमच्या त्या दोन मजली प्रसूतिगृहात लागलेले. भर दुपार. बाळ बाहेर येतं आणि रडत नाही. निळसर, लुळं, ओल्या कापडासारखं. मी टॉवेल पसरून उभी आहे आणि टॉवेल पसरून उभीच राहते. तुम्ही माझ्या हातातून ते बाळ घेतलंत, पुसलंत, पाठ चोळलीत, मान सरळ केलीत, मास्क ठेवून हळूहळू हवा दिलीत, आणि ते रडलं. मला वाटतं हे सगळं दीड मिनिटात झालं असेल. नंतर बेसिनपाशी हात धुताना तुम्ही विचारलंत, "काय झालं तुला?" मी म्हटलं, "सॉरी सिस्टर, पुढच्या वेळी नीट लक्ष ठेवीन." तुम्ही नळ बंद केलात. "लक्ष ठेवीन म्हणजे काय करशील? हात कुठे असतील तुझे? पहिली गोष्ट कोणती करशील? सांग ना." मी नुसती हात पुसत राहिले. "मग पुढच्या वेळीही हेच होईल," तुम्ही म्हणालात. आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "भीती वाटणारच गं. मला आजही वाटते. पण हाताला माहीत असेल तर डोकं घाबरलं तरी हात थांबत नाही. रविवारी घरी ये."

तुमच्या घरी म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही एकट्याच राहायचात, ओट्यावर जागाच जागा. मी जेवायला बोलावलंय असं समजून पेढे घेऊन आलेले, आणि ओट्यावर एक रबरी बाहुली पडलेली. तिच्या तोंडाला तुम्ही भोक पाडलेलं आणि छातीच्या जागी आत ऑपरेशनचा हातमोजा बसवलेला. मास्क नीट बसला की मोजा फुगायचा आणि छाती उचलली जायची. नाही बसला की हवा फुस्स करून बाजूने निघून जायची. पहिले दोन रविवार तुम्ही मला फक्त मास्क धरायला लावलात. दुसरं काही नाही. मला राग यायचा. मला सगळं एकदम करून दाखवायचं असायचं. "एका वेळी एकच," तुम्ही म्हणायचात आणि स्टुलावर बसून लसूण सोलायचात, नजर माझ्या अंगठ्यावर. मग मानेचे रविवार आले. मान पुढे पडली तर वाट बंद, फार मागे गेली तरी बंद. प्रत्येक खेपेनंतर तुमचे तेच प्रश्न. आज काय जमवायचं होतं? प्रत्यक्षात काय झालं? अडलं कुठे? पुढच्या खेपेला कोणती एक गोष्ट बदलून बघशील? उत्तर तुम्ही कधी दिलं नाहीत. मी चुकीचं उत्तर दिलं तरी "बरं, करून बघ" म्हणायचात, आणि बाहुलीच मला खोटं पाडायची. एकदा मी "दाब, दोन, तीन" करत छान लयीत असताना तुम्ही माझ्या मागे स्टीलची परात खाली टाकलीत. मी किंचाळले. तुम्ही परात उचलत म्हणालात, "किंचाळलीस, पण हात थांबला नाही. आता जेवूया." कुळथाचं पिठलं आणि भात होता.

सात महिन्यांनी पुन्हा तसं बाळ आलं, तेव्हा तुम्ही माझ्या मागे हात पाठीशी बांधून उभ्या राहिलात. पुढे आला नाहीत. फक्त विचारलंत, "छाती उचलतेय?" आणि ती उचलत होती. तेव्हा मला वाटलेलं की तुम्हाला माझी खात्री आहे. आता कळतं, तुम्ही हात बांधले होते कारण ते आपोआप पुढे आले असते.

मग माझं लग्न झालं, टिटवाळ्याला आले, कल्याणला नोकरी धरली. तुमचं सगळं मी इथे आणलं, सिस्टर. लेबर रूमची इन्चार्ज झाले तेव्हा पहिल्याच महिन्यात हॉस्पिटलकडून सरावाची बाहुली मागून घेतली. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं सराव. जिचं जे कच्चं तेवढंच तिने करायचं, दुसरीने बघायचं आणि तुमचे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला सगळ्या कुरकुरल्या, मग सवय झाली, मग त्यांनाच आवडायला लागलं. कुणीतरी म्हणाली टॉवेल डाव्या बाजूला ठेवला तर दोन पावलं वाचतात, म्हणून तो डावीकडे गेला. मास्कचे दोन्ही साइझ एका हुकाला लागले. अशा बारीकसारीक गोष्टी रोज सुधारत गेल्या. मोठ्या डॉक्टर मॅडम खूश. त्यांनी एक रजिस्टर चालू केलं, कुणी सराव केला त्याच्या सह्यांचं. पहिली सही माझी. आणि मग माझ्यामागे ड्युटी लावणं, औषधांचा साठा, तपासणीला येणाऱ्यांची तयारी, असं सगळं लागलं. सराव चालू असताना मी बाजूला उभी राहून बघायचे, प्रश्न विचारायचे, आणि सराव केल्याची माझीही सही करायचे. स्वतः बाहुलीला हात लावणं आधी एक दिवस राहिलं, मग आठवडा. दोन वर्षांच्या वर झाली असतील. मला ते खोटं वाटतही नव्हतं. मी तर शिकवत होते ना.

तीन आठवड्यांपूर्वीचा बुधवार. सकाळचे साडेअकरा. एक पहिलटकरीण, कळा बराच वेळ चाललेल्या. माझ्याबरोबर एक नवीन सिस्टर होती, खडवलीची, तेवीस-चोवीसची, लागून आठच महिने झालेली. बाळ आलं आणि रडलं नाही. ती पोरगी ठरल्याप्रमाणे हलली. टॉवेल, पुसणं, पाठ चोळणं, ऊब देणाऱ्या वॉर्मरवर घेणं. तिने हवा द्यायचा बॅग-मास्क हातात घेतला, आणि मी तिला खांद्याने बाजूला केलं. का केलं, सिस्टर? तिचं काही चुकत नव्हतं. मला त्या बाळाचा रंग दिसला आणि मी हात बांधून उभी राहू शकले नाही. मास्क मी ठेवला. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. छाती हलेना. माझा अंगठा कुठे असायला हवा ते मला तोंडपाठ होतं, शंभरदा शिकवलेलं, पण अंगठा तिथे जात नव्हता, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा होता. बाहेरून बाळाच्या आजीचा आवाज आला, "सिस्टरबाई, पोर का रडत नाय?" आणि माझ्या कानात नुसता आवाज भरला. मी अजून जोरात दाबलं. तेव्हा माझ्या बाजूने त्या पोरीचा आवाज आला, अगदी हळू, "मॅडम, छाती उचलत नाहीये." मग, "मॅडम, मान जास्त मागे गेलीय." मी तिच्याकडे बघितलं असेल. तिने माझ्या हातातून मास्क घेतला. हिसकावला नाही, घेतला. मान सरळ केली, मास्क बसवला, "दाब, दोन, तीन." छाती उचलली. अजून थोड्या दाबांनी बाळाने पाय ओढला, आणि मग ते रडलं.

डॉक्टर मॅडम टाके घालत होत्या, त्यांची आमच्याकडे पाठ. वळल्या तेव्हा बाळ रडत होतं आणि मी वॉर्मरपाशी सगळ्यात पुढे उभी होते. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाळ आईच्या अंगावर नीट प्यायला लागलं, आठवड्याने तपासायला आणलं तेव्हाही सगळं ठीक होतं. तरी ते तीन दिवस मी जे काढले ते माझं मला माहीत. मी जे दोन-तीन श्वास वाया घालवले त्यांचं त्या बाळाच्या डोक्यात काय झालं असेल, हा एकच विचार. पोळ्या लाटताना मी लाटणं ठेवून माझ्या अंगठ्याकडे बघत बसायचे. मुलगी म्हणाली, "आई, काय झालंय तुला?" मी म्हटलं, भाजलं जरा. आणि त्यातच मॅडमनी जाहीर केलं की ठाण्याच्या शाखेत हा सराव सुरू करायला मी जाणार.

मला वाटत होतं ती पोरगी कुणाला तरी बोलेल. मनातल्या मनात मी तिच्यावर चिडून पण घेतलं. पण ती बोलली नाहीच, नुसती सरावाच्या वेळी मागे मागे राहायला लागली. आठ दिवसांनी दुपारी मी तिला स्टोअरमध्ये बोलावलं.

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय, मॅडम?"

"तुला माहितीये काय."

ती सलाइनच्या खोक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला नीट झोप येत नाहीये, मॅडम. मी रोज विचार करते, एवढं सगळं येऊन तुमचं असं झालं, तर माझं काय होणार? मला एकदा जमलं, ते लक असेल तर?"

सिस्टर, मी हबकले. मी आठ दिवस माझ्या इज्जतीसाठी घाबरत होते, आणि माझ्या गप्प राहण्याने माझी भीती त्या पोरीच्या अंगात जाऊन बसलेली. मी खोक्यावर बसले आणि तिला म्हटलं, "मला येत नव्हतं, कारण मी करत नव्हते. दोन वर्षं मी बाहुलीला हात लावला नाहीये. नुसत्या सह्या केल्यात. तू रोज करत होतीस म्हणून तुला आलं. ते लक नव्हतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलेलं तिच्या नजरेत मी उतरेन, आणि थोडी उतरले असेनही. पण तिचे खांदे खाली आले. मोठा श्वास सोडून ती म्हणाली, "खरंच?" असं, की जणू मी तिला चांगली बातमी दिलीय.

त्याच संध्याकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाल्या, मी बसले नाही. सगळं सांगितलं, रजिस्टर पुढे ठेवून. त्या बराच वेळ पानं उलटत होत्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, हे फार वाईट आहे." मी म्हटलं, "हो." "बाळाला काही झालं असतं तर?" मी म्हटलं, "हो." त्यांनी रजिस्टर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला लेखी द्यायला सांगितलं. मी दिलं. इन्चार्जपद काढतील असं धरूनच चाललेले. दोन दिवसांनी बोलावून म्हणाल्या की यापुढे रजिस्टरवर सही सराव करणारीची नाही, तो बघणारीची घ्यायची, आणि जिचा सराव कुणी बघितला नाही तिचा झालाच नाही असं समजायचं. मला लेखी समज मिळाली. आणि ठाण्याला दोघींनी जायचं, मी आणि ती. तिथे शिकवताना बुधवारचं खरं काय झालं ते मीच सांगायचं, ही त्यांची अट.

आता रोज पाळीच्या आधी मी बाहुलीपाशी उभी राहते आणि ती पोरगी समोर. पहिल्या दिवशी माझ्या दहातले सहा दाब वाया गेले. तिने विचारलं, "मॅडम, अडलं कुठे?" आणि विचारून स्वतःच लाजली. मी म्हटलं, लाजू नको, विचार. आठवडाभर मी फक्त मास्क धरत होते. तुम्ही सोबत नसताना आणि या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं फार जड जातं, सिस्टर. काल दहाच्या दहा लागले. तरी रात्रीची भीती गेलेली नाही. उद्या त्या अनोळखी सिस्टरांसमोर उभी राहून सांगायचंय, मी थांबले, माझा हात विसरला. नंतर त्यांच्यासमोर करूनही दाखवायचंय.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. कपाटात साड्यांखाली राहील. तुमच्याकडे मी शेवटी शेवटी फार आले नाही, आणि घरचं, मुलीची शाळा अशी कारणं सांगत राहिले. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा सगळ्यांसमोर मी रडले, तेही खोटं नव्हतं. पण रडायच्या आधी, अगदी एक क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं, की आता माझ्या हातांकडे बघणारं कुणी उरलं नाही. त्या दुपारी घरी येऊन मी पोटभर जेवले होते आणि मला गाढ झोप लागली होती.